ध्येय फुटांत लिहा

मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर



शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात जिन्याशेजारच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यांत खालची घोट्याएवढ्या उंचीवर, १९८९ ची. वडिलांनी खिळ्यानं ओढलेली. २००५ चं पाणी तिच्याच आसपास येऊन थांबलं, म्हणून त्या साली नवी रेघ ओढावी असं कुणाला वाटलं नाही. दुसरी २०१९ ची, माझ्या डोक्याच्याही वर. ती मी स्टुलावर चढून विटेच्या तुकड्यानं ओढली आणि शेजाऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं की आता याच्यावर काही पाणी जायचं नाही. तिच्या वर वीतभर अंतरावर २०२१ ची रेघ आहे. ती नातीनं निळ्या स्केचपेननं ओढली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'आजोबा चुकले.'

आजोबा चुकले तर घरात हसण्यावारी जातं. जिल्ह्याच्या आराखड्याचं तसं होत नाही, म्हणून हे पत्र. आपली बदली होईल, आपल्या जागी दुसरे कुणी येतील. पत्र त्या खुर्चीला आहे, त्यामुळे त्यांनीही ते आपलंच समजावं.

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी प्रश्न येतो, "किती फूट?" फूट कशाचे, हे कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, दुसरं काय! ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाढ्यासारखं पाठ असतं. ज्या पद्धतीच्या बंधाऱ्यांना सगळा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणतो, त्यातलाच एक बंधारा आमची मोजपट्टी होऊन बसला आहे. शहर एका सामाईक आकड्यात विचार करतं, अशी सोय फार थोड्या गावांना असते. पुण्या-मुंबईच्या माणसाला पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात आणि तो मान डोलावून छत्री शोधायला जातो. आमच्या गल्लीत ४४ म्हटलं की टीव्ही माळ्यावर चढतो, ४७ म्हटलं की फ्रीज, आणि ५० म्हटलं की माणसं.

माझी मागणी एका ओळीची आहे. जिल्ह्याच्या पुढच्या आराखड्यात ध्येयं लिहा, आणि ती फुटांत लिहा.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ३१ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यानं आराखडा करायचा असतो आणि दरवर्षी तो तपासून अद्ययावत करायचा असतो. त्यात आपत्ती आल्यावर काय करायचं हे तर हवंच, पण ती येऊ नये किंवा आलीच तर तिचा मार कमी बसावा म्हणून आधी काय करायचं, हेही हवं. सरकारी भाषेत या दुसऱ्या गोष्टीला 'सौम्यीकरण' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं की एखाद्या औषधाच्या बाटलीवरचा आहे. आपल्याकडच्या जिल्हाजिल्ह्यांचे आराखडे चाळा. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पट्टीचे पोहणारे कोण, जेसीबी कुणाकडे, कुठल्या खोलीत कुठला फोन, हे सगळं पानंच्या पानं असतं. ते नको असं मी म्हणणार नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून १७ माणसं गेली. बोट किती माणसं घेऊ शकते आणि ती कुणी चालवायची हे कागदावर असायलाच हवं. पण बोट लागते ती पाणी दारात आल्यावर. पाणी दारात येऊ नये, किंवा आलं तरी बोट लागू नये, यासाठी वर्षभरात काय झालं ते मला वाचायचं आहे.

आराखड्याच्या सौम्यीकरणाच्या भागात काय असतं? सुरुवातीला एक वाक्य असतं: जीवित व वित्तहानी कमीत कमी होईल अशी उपाययोजना करणे. या वाक्यावर कुणाचा आक्षेप असणार? अडचण तीच आहे. कशापेक्षा कमी, कधीपर्यंत, कुणाच्या जबाबदारीवर, यातलं काहीच त्यात नाही. असं ध्येय कधी चुकत नाही आणि कधी गाठलंही जात नाही. मध्यंतरी एका कार्यालयात गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, तिथला माणूस बिचारा भला होता. त्याला विचारलं, यंदा सौम्यीकरणात काय धरलंय? त्यानं फाईल उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "नालेसफाई. जनजागृती. शिवाय फलक लावणे." मी म्हटलं, त्यानं काय होईल? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "फलक लागतील."

काम आणि ध्येय यांची गल्लत होते ती अशी. नदीकाठी दोनशे मीटर भिंत बांधली, हे काम झालं. त्या भिंतीमुळे ४५ फुटांना अमुक गल्लीत पाणी शिरायचं थांबलं, तर ध्येय गाठलं. भिंत उभी राहिली आणि पाणी मागून नाल्यातून आलं, तर काम शंभर टक्के आणि ध्येय शून्य. कोल्हापुरात हे उदाहरण काल्पनिक नाही. शाहूपुरीतल्या लोकांना विचारा, त्यांच्याकडे पंचगंगा समोरून येत नाही. नदीची फूग जयंती नाल्यात चढते आणि पाणी मागच्या दारानं घरात येतं.

ध्येय कसं असावं हे शिकायला लांब जायची गरज नाही. नृसिंहवाडीला जाऊ. कृष्णा चढली की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लोक रात्री-अपरात्री धावतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. तिथल्या कुणीही कृष्णेला अडवायचं ध्येय ठेवलेलं नाही. नदीनं पाहिजे तितकं यावं. पूजा खंडता कामा नये. पाणी कुठवर आलं की काय हलवायचं, कुठे हलवायचं, हे आधीच ठरलेलं, आणि ते ठरवताना कुणाची बैठक बोलवावी लागत नाही. आराखड्यात मला नेमकं हेच हवं आहे. पाणी येईल, हे धरून चालायचं. काय खंडता कामा नये, ते लिहायचं.

तर ३९ फुटांपासून सुरुवात करू.

पातळी चाळिशीत गेली की सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलवल्याची बातमी येते. ही बातमी इतक्या वर्षांची आहे की वार्ताहरानं फक्त तारीख बदलली तरी चालेल. बातमीत नेहमी असतं, 'प्रशासन सज्ज'. माझ्या मते ही सज्जता म्हणजे नापास झाल्याचा दाखला आहे. जी पातळी वारंवार येते, जिला आपण स्वतःच नुसता 'इशारा' म्हणतो, तिला माणसांना वळकट्या घेऊन बाहेर पडावं लागत असेल तर तिथे बोट, मठ आणि खिचडी यांचं नियोजन करत बसण्यात अर्थ नाही. पहिलं ध्येय असं लिहा: अमुक सालानंतर ४१ फुटांपर्यंत जिल्ह्यातलं एकही घर रिकामं करावं लागणार नाही. साल आपण ठरवा. २०३० म्हणालात तरी मी भांडणार नाही. पण साल लिहा. कारण साल लिहिलं की त्यामागून आपोआप प्रश्न येतात. घरं किती, जागा कुठे, भाडेकरूंचं काय, ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांचं काय? आज हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण कुणाला विचारावेच लागत नाहीत.

घरं हलवणं सोपं आहे असा माझा समज नाही. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची गोष्ट आपल्या दप्तरात असेलच. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिली गेली. त्यानंतर २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली तीच गावं पुन्हा पाण्यातून बाहेर काढावी लागली. शहरातली माणसं या लोकांना नावं ठेवतात, की जागा मिळाली तरी जात नाहीत. तिथं जाऊन अर्धा तास बसलं तर वेगळंच ऐकू येतं. प्लॉट कुणाच्या नावावर, वाटणी झालेल्या भावांचं काय, गोठा कुठे बांधायचा, रात्री म्हैस अडली तर नव्या जागेवरून मळ्यात कसं यायचं. माणूस घर सोडतो, दावणीची जनावरं सोडत नाही. पूर आला की गावात शेवटपर्यंत राहतो तो जनावरांसाठी राहिलेला असतो, आणि बोटीला मग त्याच्यासाठी अंधारात पुन्हा फेरी मारावी लागते. 'पुनर्वसन झाले' हे वाक्य त्यामुळे प्लॉटच्या संख्येवर लिहू नका. ४३ फुटांना गावात किती माणसं आणि किती जनावरं उरली, त्या आकड्यावर लिहा. तो आकडा दर पुराला खाली आला पाहिजे.

४७ पासून पुढं मात्र गोष्ट एकेका वस्तीची राहत नाही. सगळं शहर कामातून जातं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि चारही बाजूंनी पाणी असलेल्या शहरात नळाला थेंब नव्हता. ज्यांच्या घरात पूर आला नाही तेही घागरी घेऊन टँकरमागे. आता काळम्मावाडीचं पाणी थेट वाहिनीनं येतं, म्हणून हा धागा थोडा सैल झाला आहे असं मानू. पण मानणं निराळं आणि लिहून देणं निराळं. '५६ फुटांनाही शहरातल्या प्रत्येक प्रभागात दिवसाआड नळाला पाणी येईल', हे लिहून द्या. मग पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि महावितरणचा अभियंता यांना एका टेबलाशी बसावंच लागेल. वाहिनी कितीही थेट असली तरी मोटार विजेवर चालते, आणि वीज जिथून येते ते उपकेंद्र किती फुटांना बुडतं, हे या दोघांना मिळूनच शोधावं लागेल. आणखी एक. रुग्णालयांचे जनरेटर तळमजल्यावर का असतात? मी कुणावर रोख धरून विचारत नाही. जड यंत्र खाली ठेवायचं, एवढाच विचार त्यामागं असतो. ते वर न्यायला फार तर एक उन्हाळा लागेल.

शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प यांच्यासाठी मात्र वेगळी ओळ लिहा. पुराचा आणि गणपतीचा हंगाम एकच. रंगकामासाठी थांबलेल्या मूर्ती, कच्च्या, मातीच्या, शेडमध्ये ओळीनं उभ्या असतात आणि पाणी येतं. २०१९ ला झालं, २०२१ ला झालं. त्या कुटुंबांची वर्षाची कमाई ती. सरकारी पंचनाम्यात भिंत पडली तर मोजता येते. विरघळलेली मूर्ती मोजायला काही शिल्लकच राहत नाही. इथे ध्येय घर वाचवण्याचं नको, माल वाचवण्याचं हवं: जुलै-ऑगस्टचे दोन महिने उंचावरची गोदामं, ठरलेल्या भाड्यानं, ट्रॉल्यांसह. पाणी आपल्या गल्लीत कुठल्या फुटाला पोचतं हे तिथल्या म्हाताऱ्या कुंभारांना इंचाइंचानं ठाऊक आहे. त्यांना बोलवा. सल्लागार नेमलात तर तोही शेवटी त्यांनाच विचारेल.

५६ फुटांना काय खंडता कामा नये? एक, माणूस मरता कामा नये. दोन, महामार्ग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग जवळपास आठवडाभर बंद होता. पेट्रोल नाही, दूध उचललं जात नाही, औषधांची गाडी पलीकडच्या काठावर उभी. २०२१ ला पुन्हा तेच. त्या पट्ट्यातला रस्त्याचा भराव आडवा बांध होऊन पाणी तुंबवतो, तिथं मोऱ्या वाढवा किंवा रस्ता खांबांवर घ्या, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. महामार्ग आपल्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण 'पुढच्या ५६ ला निदान एक मार्गिका रुग्णवाहिकेसाठी उघडी राहील' हे जिल्ह्याचं ध्येय म्हणून लिहिलं, तर महामार्गवाल्यांकडे जाताना आपल्या हातात निवेदन नसेल, प्राधिकरणाचा ठराव असेल.

आणि ६० फुटांना? हा प्रश्न विचारला की लोक 'वंगाळ बोलू नका' म्हणतात. पण माझी २०१९ ची रेघ दोन वर्षं टिकली नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो थोडा दक्षिणेला, आमच्या पाणलोटावर पडला असता तर? राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की कुणाला न विचारता उघडतात. ते त्यांचं काम चोख करतात. त्या रात्री ६० ला काय करायचं, याचं निदान एक पान असू द्या. ते कधी उघडावं लागलं नाही तर उत्तम.

आता पूररेषांबद्दल थोडं, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज तिथे आहेत. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा, असं आपण शिकवतो. लोक त्याचा अर्थ एसटीच्या वेळापत्रकासारखा लावतात: २०१९ ला येऊन गेला, आता २०४४. तसं नसतं. २५ वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, मग काल येऊन गेलेला असो वा नसो. आता समजा, एखाद्या जोडप्यानं निळ्या रेषेच्या काठावर फ्लॅट घेतला, ३० वर्षांच्या कर्जावर. हप्ते फिटायच्या आत त्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात ७० आहे. लाल रेषेच्या काठावर घेतला तरी शंभरात २६. आणि हे गणित पाऊसमान पूर्वीसारखंच राहील असं धरून केलेलं. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणून विकलेल्या घरावर चौघांत एकाची पाळी येणार, हे कुठला बिल्डर सांगेल? त्यानं सांगावं अशी अपेक्षाही नाही. आपण सांगा. पूरपट्ट्यातल्या प्रत्येक इमारतीच्या दाराशी एक लोखंडी पट्टी ठोका: 'राजाराम बंधारा ४८ फूट: पायरीशी पाणी. ५२ फूट: तळमजला.' एवढंच. आकडे प्रत्येक दाराचे वेगळे. यापेक्षा स्वस्त सौम्यीकरण मला सुचत नाही, आणि यापेक्षा जास्त विरोध कशाला होईल असंही वाटत नाही. पुढच्या १ जूनपर्यंत पूरपट्ट्यातल्या निम्म्या दारांवर पट्टी, हे ध्येय मोजायला अधिकारीही लागत नाही. सायकलवरून फिरणारा पोरगा मोजेल.

अलमट्टी धरणाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. कर्नाटकाला त्याची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे, २०१० मध्ये कृष्णा पाणीवाटप लवादानं त्याला वाट दिली, आणि त्यावर सांगली-कोल्हापुरात काय वाटतं ते आपल्याला रोज ऐकू येत असेल. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीच्या निष्कर्षांवर आजही चहाच्या टपरीवर हमरीतुमरी होते. ती लढाई राज्यानं लढावी, जोरात लढावी. पण ती जिल्ह्याच्या आराखड्याचं निमित्त होऊ नये. अलमट्टीचा निकाल लागेपर्यंत जयंती नाल्याच्या काठावरचं बांधकाम थांबून राहत नाही.

जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग फुटांत बसत नाही, हे कबूल. गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी इथं भीती पाण्याची कमी आणि डोंगराची जास्त आहे. पन्हाळ्याचा रस्ता २०२१ च्या जुलैत खचला तेव्हा गडावरची माणसं गडावरच अडकली. तिथं सगळी भिस्त दरडप्रवण गावांच्या यादीवर असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातली इर्शाळवाडी गाडली गेली. ती यादीत नव्हती, हे शासनानंच विधिमंडळात सांगितलं. यादी करणं हे काम आहे, पुन्हा तेच. ध्येय म्हणजे डोंगरउतारावरच्या प्रत्येक वाडीत पाऊस मोजणारं कुणीतरी असणं, आणि अमुक इतका पाऊस झाला की दिवस मावळायच्या आत वाडीनं खाली यायचं हे वाडीनंच ठरवलेलं असणं. यादीत नसलेल्या वाडीनंसुद्धा.

पैशाचं काय, असं आपण विचाराल. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीत देशभर मिळून १,६०,१५३ कोटी रुपये धरले आणि त्यातला २० टक्के हिस्सा सौम्यीकरणासाठी वेगळा काढला. आयोगानं एक गोष्ट शहाणपणाची सांगितली: हा हिस्सा स्थानिक, लोकांच्या पातळीवरच्या कामांसाठी आहे, मोठमोठे पूरबांध आणि समुद्राच्या भिंती नेहमीच्या विकास योजनांतून करा. म्हणजे कुंभारांची गोदामं, वर उचललेले जनरेटर, गोठे, दारावरच्या पट्ट्या, वाडीतले पर्जन्यमापक, अशाच कामांना तो शोभतो. पुढच्या आयोगाच्या काळातही वाटपाचा सांगाडा काहीही असो, मागणी करणाऱ्यानं नेमकं मागावं लागेल. अमेरिकेत २००० च्या कायद्यानं स्थानिक संस्थांना अशा योजनेत आधी ध्येयं आणि मग त्या ध्येयांना जोडून कामं लिहायला लावली. दर पाच वर्षांनी योजना नव्यानं मंजूर करून घेतली नाही तर सौम्यीकरणाच्या अनुदानाचं दार बंद होतं. त्यांच्याकडे पूर कमी झाले असं मी म्हणत नाही. पण खर्च कशासाठी केला हे तिथल्या नागरिकाला विचारता येतं.

इथे नागरिकाला कधी विचारतात? मान्सूनपूर्व आढावा बैठक मे महिन्यात असते. सभागृहात पंखे गरगरत असतात, खातेप्रमुख आपापली माहिती वाचून दाखवतात. मे महिन्यात ध्येय ठरवणं म्हणजे मुहूर्ताच्या दिवशी मुलगी बघायला जाणं. ही बैठक फेब्रुवारीत घ्या, आणि सभागृहात नको, तालमीत घ्या. पुराच्या रात्री कोल्हापुरात सरकारच्या आधी कोण पोचतं ते आपण पाहिलं असेल किंवा ऐकलं असेल: तालमी, तरुण मंडळं, व्हाइट आर्मीसारख्या संस्था. ज्यांच्याकडे बोट वल्हवायला येता त्यांच्याकडे ध्येय लिहायलाही या. कायद्यानं या प्राधिकरणावर आपल्यासोबत सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेतला निवडून आलेला माणूस ठेवला आहे, तो फोटोपुरता नाही. ग्रामसभांनी आपापल्या गावाचा एक-एक फूट घ्यावा आणि त्यासमोर एकच ओळ लिहावी. शिरोळ तालुक्यातली गावं राजाराम बंधाऱ्याऐवजी कृष्णेची पातळी घेतील, घेऊ द्या.

ध्येयं थोडी असू द्या. भूकंप, वीज, उष्णतेची लाट, चेंगराचेंगरी, रासायनिक गळती, सगळ्यांना सारखी दोन-दोन पानं, असा जेवणावळीचा न्याय नको. सगळ्यांना समान वाढलं की कुणाचंच पोट भरत नाही. पाच ध्येयं ठेवा, त्यातली तीन पुराची. आणि चुकलेलं ध्येय छापा. २०२१ ला लोक २०१९ पेक्षा लवकर घराबाहेर पडले, कारण ते २०१९ ला चुकले होते आणि ती चूक त्यांच्या भिंतीवर लिहिलेली होती. सरकारी कागदावर चूक कधी लिहिली जात नाही, तिथे फक्त 'अंशतः साध्य' असतं.

जाता जाता एक आठवण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर अंगावर असतानाच एका शासन निर्णयातली अट बाहेर आली होती: क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. केवढा गदारोळ झाला! मला त्या अटीचा राग आला नव्हता. हसू आलं होतं. पाणी किती दिवस थांबलं की काय मिळेल, हे इतकं नेमकं लिहिणारं सरकार आपल्याकडे होतं. तेवढाच नेमकेपणा पाणी यायच्या आधीच्या पानावर आणायचा आहे.

येत्या १५ फेब्रुवारीपर्यंत पाच ध्येयांचं एक पान, राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत, प्रत्येकासमोर साल आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहून, जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि तालमीच्या दाराशी लावावं, ही विनंती. पंचगंगा तालमीजवळ लावलंत तर मी येता-जाता वाचेन. आमच्या जिन्यापाशी यायचं मनात आलं तर कधीही या, रेघा दाखवतो. नातीचं स्केचपेन अजून चालतं.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक घरपट्टी भरणारा